बीड जिल्ह्यातील इंग्रजी शिक्षण : एक आढावा

मुंबई इलाख्यातील इंग्रजी शिक्षणाची हकिकत, एल्फिन्स्टनच्या काळापासून १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठापर्यंत, मराठीत अनेकदा लिहिली गेली आहे. परंतु तीच साऱ्या महाराष्ट्राची हकिकत मानण्याची जी सवय काही अभ्यासकांना जडली आहे, ती बीड जिल्ह्याच्या बाबतीत टिकत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील राज्यकारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून देताना इंग्रजी हा विषय अनिवार्य ठेवला. त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला वरच्या शिक्षणासाठी आधी उर्दू आत्मसात करावी लागे आणि मग त्या दुसऱ्या भाषेच्या आधाराने तिसरी भाषा शिकावी लागे. मराठी आणि उर्दू यांची वाक्यरचना पुष्कळशी सारखी असली, तरी ओळखीच्या मराठी शब्दावरून इंग्रजी शब्दाकडे जाण्याची सोय या व्यवस्थेत नव्हती.

मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. तथापि छावणीची इंग्रजी ही हुकमाची भाषा, आणि शाळेचे काम तिच्याने होण्यासारखे नव्हते. शिक्षणाचे खरे केंद्र त्याच गावातील योगेश्वरी विद्यालय ठरले. तेथे मुख्याध्यापकपद सांभाळलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले.

संस्थान भारतात विलीन झाल्यावर मराठी माध्यमाच्या शाळांचा विस्तार झाला आणि मराठी मुलखात आधीच रुळलेली मराठीतून इंग्रजी शिकवणारी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला येथील विद्यार्थ्यालाही खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागली. भाषांतर पद्धत, म्हणजे नियम सांगून, शब्द देऊन, मराठी वाक्ये इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्ये मराठीत करून घेण्याची पद्धत, आज जुनाट म्हणून मोडीत काढली जाते. पण तिचे मर्म तिच्या टीकाकारांनी समजून घेतलेले नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. मराठीतील विभक्तीचे प्रत्यय नामाला मागून जोडले जातात, तर इंग्रजीतील संबंधदर्शक शब्द नामाच्या आधी उभे राहतात. ‘मुलाने पोळी खाल्ली’ या वाक्यातील क्रियापद पोळीच्या लिंगाप्रमाणे बदलते, इंग्रजीत मात्र तसे काहीच घडत नाही. हे भेद दोन्ही वाक्ये शेजारी मांडली म्हणजे स्पष्ट दिसतात, आणि जेथे घरात वा गावात इंग्रजी कानांवर पडत नव्हती, तेथे केवळ ऐकून भाषा येईल ही अपेक्षा मुळातच अवास्तव होती. इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवावी असे म्हणणाऱ्या प्रत्यक्ष पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी शहरातील मूल डोळ्यांसमोर ठेवले; आष्टी, पाटोदा किंवा धारूरच्या मुलाचा विचार त्यांनी केला नाही.

त्यानंतरचे टप्पे थोडक्यात सांगता येतात. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर इंग्रजी पाचवीपासून शिकवली जाऊ लागली, सत्तरच्या दशकात अंबाजोगाईस इंग्रजीतून शिकवणारे वैद्यकीय महाविद्यालय आले, २००० मध्ये इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली, आणि पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्ग जिल्हा परिषदेच्या शाळांतही निघाले.

वर्षे वाढली, परंतु पाया खचला. इंग्रजी लवकर सुरू केली म्हणजे ती चांगली येते, या समजुतीने मराठीचे लेखन-वाचन पक्के होण्याआधीच मुलापुढे दुसरी लिपी ठेवली जाते, आणि वाक्य रचण्याऐवजी मार्गदर्शिकेतील उत्तरे पाठ करण्याकडे शिक्षण वळते. याचा सर्वांत मोठा भार ऊसतोड कामगारांच्या मुलांवर पडतो, कारण दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलांची शाळा हंगाम संपेपर्यंत तुटते. कारखान्यांजवळच्या साखरशाळा आणि गावातील हंगामी वसतिगृहे यांनी काही मुलांना सावरले असले, तरी खंड पडलेली इंग्रजी पुन्हा जोडून देणारा क्रमबद्ध पाठ त्यांच्या हाती असणे आवश्यक आहे, आणि नियम, शब्द व वाक्ये अशा पायरीने चालणारी, मराठीतून समजावणारी पाठमाला हेच काम करू शकते. शिक्षण विभागाने आणि जिल्ह्यातील शिक्षकांनी भाषांतराचा तास वेळापत्रकात परत आणावा, आणि त्याचा आरंभ हंगामावरून परतणाऱ्या मुलांच्या वर्गापासून करावा.