साचा तमाशाचा, आशय जलशाचा

जयंतीच्या कार्यक्रमात ढोलकीवर थाप पडली की आपल्यातील काही शिकली-सवरलेली मंडळी नाक मुरडतात. ‘हा काय तमाशा?’ असे म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. आंबेडकरी जलसा उभा राहिला तो याच तमाशाच्या संगीतावर.

तमाशात गाण्यांचा क्रम ठरलेला असे. आधी ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी. वाड्यावस्त्यांवरच्या लोकांना तीच वर्दी. मग गण, म्हणजे गणपतीचे स्तवन. त्यानंतर गौळण. बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, वाट अडविणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. यात गाण्याइतकीच हजरजबाबी बोलणी असत. पुढे बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. वगातली गाणी कथेलाच जोडलेली.

साथीची रीतही पाहण्यासारखी आहे. मुख्य गाणाऱ्याने ओळ टाकायची आणि मागे उभ्या असलेल्या सुरत्यांनी ती झेलून वरच्या पट्टीत न्यायची. तुणतुण्याला तार एकच. ते चाल वाजवीत नाही, सूर धरून ठेवते. हलगी सैल पडली की विस्तवावर शेकून घ्यायची.

हे सारे वाजविणारे-गाणारे कोण होते? बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजातले. नाव मात्र अनेकदा दुसऱ्याचे झाले. पठ्ठे बापूराव (1866-1945) मोठे शाहीर होते यात वाद नाही, पण त्यांच्या फडाचे नाव गाजले त्यात पवळाबाईंच्या गळ्याचा वाटा किती, हे कोणी मोजले?

1873 मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या जलशांनी हा साचा प्रबोधनासाठी वापरला. 1930 नंतर भीमराव कर्डकांसारख्यांनी तोच आंबेडकरी चळवळीकडे वळविला. गणात देवाऐवजी बाबासाहेबांचे गुणगान आले. गौळणीतील शृंगाराला फाटा मिळाला. वगात शिक्षण, महारकी, दारू असे विषय आले. स्त्रियांची कामे पुरुषच करीत. चाली मात्र लोकांच्या ओठांवरच्याच ठेवल्या, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही गाणे एकदा ऐकून पाठ होई. पुढे अण्णाभाऊ साठे यांनी लोकनाट्यात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन केले आणि गौळण काढूनच टाकली.

आता हलगीविषयी. गावकीचे काम म्हणून हलगी वाजविणे आपल्या माणसांनी सोडले, ते योग्यच केले. पाटलाच्या दारात ती वाजविणे ही सक्ती होती. परंतु जलशाच्या मंचावर तीच हलगी स्वखुशीने आणि स्वतःच्या विचारासाठी वाजली. हा फरक लक्षात न घेता आपण वाद्यच टाकून दिले आणि त्याच्या जागी भाड्याचा डीजे आणला. त्याच्या दणक्यात भीमगीताचे शब्दही ऐकू येत नाहीत.

विहारातील रविवारच्या वर्गात मुलांना ही वाद्ये शिकविता येतील. सुरुवात तुणतुण्यापासून करावी. एका तारेचे वाद्य आहे, खर्चही फार नाही.