मराठवाड्याचे पाणी – लेखांक ७ : खुलदाबादचा अभियंता

साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे पाथरीचे नाव महाराष्ट्रभर गेले. परभणी जिल्ह्यातल्या याच गावात निजामशाहीचेही मूळ आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. फिरिश्ता लिहितो, की अहमदनगरची गादी स्थापणाऱ्या मलिक अहमदचा बाप हा पाथरीच्या कुलकर्ण्याचा मुलगा होता. विजयनगरच्या मोहिमेत तो बहमनींच्या हाती लागला आणि मलिक हसन झाला. पुढे नातू बुऱ्हाणशहाने पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशहाशी झुंज घेतली, गाव जिंकले आणि आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिले.

हे घराणे मोडकळीला आल्यावर ते ज्याने पाव शतक सावरून धरले, तो इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर. १६२४ ची भातवडीची लढाई आणि गनिमी कावा यांसाठी तो इतिहासाच्या पुस्तकात येतो. मला त्याच्यातला अभियंता जास्त मोठा वाटतो.

१६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. खाम नदीच्या भरवशावर शहर पोसता आले नसते. अंबरने शहराच्या उत्तरेला हर्सूलकडे जमिनीखालचे पाणी गाठले. मुरमातून झिरपणारे पाणी भुयारी नहरीत गोळा करायचे आणि नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणायचे. ना मोट, ना रहाट. उतार जास्त झाला तर पाणी नहर खरवडणार, कमी झाला तर गाळ बसणार. सगळी कसोटी त्या उताराची. ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडे ठेवली, म्हणजे हवा खेळते आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. पुढे चुन्यात बसवलेले मातीचे नळ आणि मधूनमधून उंच दगडी खांब. खांबात पाणी एका बाजूने चढते, दुसऱ्या बाजूने उतरते. त्यात कोंडलेली हवा सुटते, दाबही आवरला जातो. हे बारकावे पाहिले, की नहर केवळ खणलेली नसून नीट हिशेबाने आखलेली होती, हे पटते.

अंबर १६२६ मध्ये वारला. खुलदाबादला गावाच्या वायव्येस त्याचा घुमटाचा मकबरा आहे. तो त्याने हयातीतच बांधून घेतला, असे सांगतात. शेजारी बीबी करीमाचा, त्याच्या पत्नीचा, लहान मकबरा. जवळच गोवळकोंड्याचा शेवटचा राजा तानाशहा उघड्या कबरीत आहे. सुफी संतांच्या सहवासात पुरले जावे, म्हणून दख्खनचे राजे-सरदार या गावाची जागा निवडत, औरंगजेबही इथेच.

अभियंत्यांची अशीच एक कबर लंडनला आहे. तिथल्या केन्सल ग्रीन स्मशानभूमीत टेम्सखालचा बोगदा काढणारे मार्क ब्रुनेल, त्यांची पत्नी सोफिया आणि मुलगा इझम्बार्ड एका साध्या दगडाखाली आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मुद्दाम जावे, अशी ती जागा. आपल्याकडच्या सहलींच्या बसेस वेरूळ आणि भद्रा मारुती करून परततात. जलसंपदा विभागाने नव्या अभियंत्यांना एकदा तरी अंबरच्या कबरीवर न्यावे, आणि त्याआधी नहरीत उतरवावे. शहर वाढले तशी तिची कित्येक तोंडे बांधकामाखाली गेली आहेत. जी उरली, ती नकाशावर घेणे हे पुरातत्त्वाइतकेच पाणीपुरवठ्याचेही काम आहे.

पाणचक्कीचे श्रेय पुष्कळदा अंबरला देतात. ती त्याच्यानंतरची, तिची नहर वेगळी. तिच्याविषयी पुढच्या आठवड्यात.