राजीखुशी आणि जबाबदारी: काही ग्रीक शब्द

खरेदीखत असो वा मृत्युपत्र, मराठी दस्तात एक शब्दजोडी हमखास भेटते: राजीखुशीने व अक्कलहुशारीने. पहिला शब्द सांगतो की कोणाचे दडपण नव्हते. दुसरा सांगतो की आपण काय करतो आहोत याची लिहून देणाऱ्याला समज होती. माणूस आपणहून वागला असे केव्हा म्हणायचे, या प्रश्नाचा उलगडा ॲरिस्टॉटलने आपल्या 'निकोमाखियन नीतिशास्त्रा'च्या तिसऱ्या भागात नेमका याच दोन बाजूंनी केला आहे. बळजबरीने घडले ते आणि अजाणता घडले ते बाजूला काढा. उरते ते 'हेकूसिऑन', म्हणजे आपखुशीचे कृत्य. मोजणी सुरू होते ती सबबींपासून. याचे कारण या शब्दांच्या घडणीतच आहे, असे मला वाटते. मनात दडलेल्या एखाद्या शक्तीला नाव द्यायला हे शब्द जन्मले नाहीत. झाल्या गोष्टीचा जाब कोणाला विचारायचा, हे ठरवताना ते घासूनपुसून धारदार झाले.

मूळ शब्द 'हेकोन', राजी असलेला. त्याच्या उलट 'आकोन', मनाविरुद्ध वागणारा. होमरच्या काव्यात हा दुसरा शब्द 'अएकोन' असा फोडून येतो, कारण मध्ये पूर्वी एक 'व' होता आणि तो ग्रीकांच्या जिभेवरून गळून पडला. तो व परत बसवला की 'वेक्' हा धातू दिसतो, आणि संस्कृत वाचणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल: वश्, इच्छा करणे. हित्ती भाषेतही मागणे या अर्थाने तो सापडतो. हेकोनचे संस्कृत भावंड म्हणजे 'उशन्', आणि कठोपनिषदाचा पहिलाच शब्द तो आहे. वाजश्रवस सर्वस्वाचे दान करतो ते 'उशन्' होऊन; शंकराचार्यांनी त्याचा अर्थ 'कामयमान' असा दिला आहे. पुढे आपल्याकडे 'वश' शब्दाने वळण घेतले. इच्छेवरून तो सत्तेकडे गेला आणि ज्याच्यावर दुसऱ्याची सत्ता चालते तो वश झाला. ग्रीकमध्ये मात्र शब्द करणाऱ्यालाच चिकटून राहिला. मराठीत आपण 'स्वेच्छेने केले' म्हणतो, तेव्हा इच्छा हे जणू हातातले साधन असते. ग्रीक वाक्यात ती वेगळी वस्तू नाही. राजी असलेल्या माणसाने केले, एवढेच.

व्युत्पत्तीवरून विचार सिद्ध होत नाही, शब्द कुठून आला याने तो कसा वापरला जातो हे ठरत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्तच आहे. म्हणून कोर्टात जाऊ. इ.स.पूर्व सातव्या शतकाच्या अखेरीस द्राकोनने अथेन्सला मनुष्यवधाचा कायदा दिला. इ.स.पूर्व 409 मध्ये तो दगडावर पुन्हा कोरला गेला आणि त्याचा काही भाग आजही वाचता येतो. मारणारा 'आकोन' होता की नाही याचा निर्णय 51 जणांनी द्यायचा, असे त्यात आहे. नकळत हत्या करणाऱ्याला हद्दपारी होती, आणि मृताच्या नातलगांनी एकमताने क्षमा केली तर त्याला परतता येई. हेतुपुरस्सर खुनाचा खटला अरिओपागस टेकडीवर चाले, नकळत झालेल्याचा पालादिऑन येथे. असा हद्दपार माणूस परदेशात असताना त्याच्यावर हेतुपुरस्सर खुनाचा दुसरा आरोप आला तर? त्यासाठी फ्रेआत्तो नावाचे समुद्रकाठचे न्यायस्थान होते. आरोपी होडीत उभा राहून बाजू मांडे आणि न्यायाधीश किनाऱ्यावरून ऐकत, कारण त्याला अथेन्सच्या भूमीवर पाय ठेवायची मनाई होती. एका विशेषणावरून माणूस कुठे उभा राहणार, हे असे अक्षरशः ठरत होते.

ॲरिस्टॉटल या व्यवहारी शब्दाला तत्त्वज्ञानात आणतो, पण त्याची कोर्टाची सवय सोडवत नाही. वादळात जहाज वाचवायला माल समुद्रात फेकणारा कप्तान त्याला अडचणीत टाकतो. एरवी कोणी असे करणार नाही. तरी त्या घटकेला हात त्याचाच हलतो, म्हणून कृत्य संमिश्र असले तरी झुकते राजीखुशीकडे. रागाच्या भरातल्या कृत्यालाही तो सूट देत नाही. मुले आणि जनावरेही आपणहून वागतात. मात्र विचारपूर्वक निवडीसाठी त्याचा शब्द निराळा आहे, 'प्रोहायरेसिस', आधी निवडणे. या चौकटीत वाजश्रवसाला बसवून पाहण्याचा मोह आवरत नाही. मुलाने पुन्हा पुन्हा डिवचल्यावर चिडून त्याने नचिकेत्याला मृत्यूला देऊन टाकले. हे हेकोन होऊन केलेले खरे, पण निवडलेले नव्हे. उपनिषदाला ती मीमांसा करायची नव्हती, हा भाग वेगळा.

आक्षेप इथेच संपत नाहीत. अल्ब्रेख्त डीले या अभ्यासकाने 1982 मध्ये आपल्या पुस्तकात मांडले की इच्छाशक्ती ही कल्पना मुळात ग्रीकांकडे नव्हती, ती ऑगस्टीनने घडवली. मायकेल फ्रेडे यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत तिचा माग स्टोइक एपिक्टेटसपर्यंत मागे नेला. स्वतंत्र शक्ती म्हणून इच्छाशक्तीचे नाव जुन्या ग्रीकमध्ये नाही, हे डीले यांचे निरीक्षण मान्यच करावे लागते. पण त्यावरून ग्रीकांच्या विचारात खड्डा होता असे मानणे घाईचे वाटते. इच्छेचा व्यवहार ते नामावाचून करत होते. 'बूलोमाय', मला हवे आहे, या क्रियापदावरून 'हो बूलोमेनोस' आला: ज्याची इच्छा असेल तो. इ.स.पूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी सोलोनने पीडिताच्या वतीने फिर्याद करण्याचा हक्क अशा कोणाही माणसाला दिला. हे एवढे राज्यघटनेत बसवणाऱ्यांना इच्छा कळत नव्हती म्हणायचे कसे?

'एथेलो' हे क्रियापद यापेक्षा मवाळ, तयार असणे अशा छटेचे. त्यावरून 'एथेलोन्तेस', स्वयंसेवक. आजच्या ग्रीकमध्येही स्वयंसेवकाला याच कुळातला 'एथेलोन्तिस' हा शब्द आहे. पण तयारी दाखवली की सुटका नव्हती. अथेन्समध्ये संकटकाळी धनिक सभेत ऐच्छिक देणगी जाहीर करत. इसाएयसच्या एका भाषणात दिकायोगेनेस नावाच्या गृहस्थावर आरोप आहे की त्याने 300 द्राख्मे कबूल केले आणि दिले नाहीत. परिणामी, शहराच्या रक्षणासाठी आपखुशीने पैसे देऊ म्हणून जे फिरले त्यांची यादी कुलनायकांच्या पुतळ्यांसमोर लागली आणि त्याचे नाव तिच्यात झळकले. देणगी न देण्याची त्याला पूर्ण मुभा होती. शब्द देऊन बसल्यावर ती उरली नाही.