नवा सेटअप टाकला, तरी फाईल जुनीच का राहते?

सेवा केंद्र असो की दूध संस्थेचं ऑफिस, तक्रार एकच: सेटअप पूर्ण झाला म्हणतो, पण प्रोग्राम जुनाच उघडतो. सेटअप बिघडलेलाच असेल असं नाही.

विंडोजमधला एमएसआय सेटअप आधी फाईलचा व्हर्जन नंबर बघतो. कॉम्प्युटरवरची फाईल तेवढ्याच किंवा जास्त नंबरची असेल, तर तिला हात लावत नाही. नंबर नसलेली फाईल तयार झाल्यानंतर बदललेली दिसली, तर ती तुम्हीच बदलली असं समजून तशीच ठेवतो. प्रोग्राम चालू असेल, तर वापरातली फाईल रीस्टार्टनंतरच बदलते.

म्हणून प्रोग्राम बंद करा, डेटाचा बॅकअप पेनड्राईव्हवर घ्या, सेटअप चालवा आणि रीस्टार्ट करा. तरीही जमलं नाही, तर जाणकाराकडून ‘रीइन्स्टॉलमोड’मध्ये नेहमीच्या ‘ओ’ अक्षराऐवजी ‘ए’ टाकून सेटअप चालवून घ्या. ‘ओ’मुळे फक्त नसलेल्या किंवा जुन्या फाईली बसतात, ‘ए’मुळे सगळ्याच.

मात्र सांभाळून! ‘ए’ नव्या फाईलवर जुनीही बसवतो. सभासदांच्या नोंदींची फाईल त्यात सापडली, तर बॅकअपशिवाय ती परत मिळणं अवघड.