कॅट काढला की गाडी पळते?

"तो कॅट काढून टाका, सरळ पाइप मारू, मग बघा गाडी कशी पळते ते." ऑपेरा हाउसच्या मोटार-सामानाच्या बाजारात हा सल्ला फुकट मिळतो, परळ-लालबागच्या गल्ल्यांतल्या गॅरेजांत तो जरा चढ्या आवाजात मिळतो. ऐकणारा बहुधा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची हौस जपलेला गृहस्थ असतो. त्याच्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट पालियो १.६ असते, नाहीतर व्हीटेक इंजिनाची जुनी होंडा सिटी. नशीबवान असेल तर गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म: दोन सीट, फायबरची बॉडी, रेनोचं इंजिन. यांना स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर वाद घाला खुशाल. पण गाडीखालच्या नळकांड्याबद्दल, आणि त्यातल्या धूर शुद्ध करणाऱ्या कॅटबद्दल म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल, जे काही खात्रीने सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं खोटं आहे आणि थोडं अर्धवट खरं आहे.

गैरसमज: कॅट इंजिनाची ताकद खातो

धडधाकट कॅट जेमतेम काही अश्वशक्ती अडवतो, आणि शंभर अश्वशक्तीच्या गाडीत तेवढा फरक दादर ते गिरगाव कुणाला कळणार नाही. आत सिरॅमिकची बारीक जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप असतो आणि धूर तिच्या हजारो छिद्रांतून वाहत जातो. तुंबलेला कॅट मात्र गाडीचा जीव घेतो, यात शंका नाही. चढावर दम लागतो, तीन हजार आरपीएमनंतर गाडी ओढतच नाही.

मग तो तुंबला का, हा प्रश्न गॅरेजात फारसा कोणी विचारत नाही. एखादा प्लग किंवा इग्निशनची वायर मधूनमधून दगा देते. न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडतं आणि कॅटमध्ये जाऊन पेटतं. तापमान हजार अंशांच्या बरंच पलीकडे गेलं की सिरॅमिक वितळून गोळा होतो. दुसरी तऱ्हा अशी, की व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल गळतं आणि त्यातल्या फॉस्फरसाची पुटं लेपावर चढतात. आजार इंजिनाचा, आणि कापाकापी कॅटची! प्लग, वायरी, सील न बघता नवा कॅट घातला तर तोही वर्षभरात तसाच जाईल.

खातरजमा करणं अवघड नाही. गाडी थंड असताना रबरी हातोडीने कॅटवर हलके टोले मारा, आत खुळखुळलं तर जाळी फुटलेली आहे. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावा आणि इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरा. काटा तीन पीएसआयच्या वर सरकला तर पुढे कुठेतरी अडथळा आहे. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते न करता कटर चालवणारे फार.

गैरसमज: पाइप जितका जाड तितका चांगला

याचा जुळा भाऊ म्हणजे 'इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच'. दोघेही चुकतात. इंजिनाला मागचा दाब कधीच नको असतो, त्याला धुराचा वेग हवा असतो. एका सिलिंडरचा धूर जोरात निघून गेला की त्याच्यामागे दाब कमी होतो आणि पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घ्यायला त्याची मदत होते. पाइप नको तेवढा जाड केला की वेग मंदावतो, ही ओढ ढिली पडते आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क जातो. मुंबईत गाडी चालते कुठे? हिंदमाता ते लालबाग, सिग्नल ते सिग्नल, बहुतेक वेळ अडीच हजार आरपीएमच्या आत. शंभर अश्वशक्तीला दोन इंची पाइप पुरतो. अडीच-तीन इंची लावून मिळते ती फक्त दिसायला रुबाबदार टीप.

गैरसमज: जुन्या गाडीला कॅट लागतच नाही

हे गाडीच्या जन्मसालावर ठरतं. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कॅट सक्तीचा झाला. त्याच सुमारास पंपांवर शिसेविरहित पेट्रोल आलं, कारण शिशाचा थर बसला की लेप निकामी होतो. सत्तरच्या दशकातल्या प्रीमियर पद्मिनीला कॅट कधी नव्हताच, आणि तो बसवायची सक्तीही नाही. बसवला तरी एकाच वेळी धुरातल्या तीन विषारी वायूंवर काम करणाऱ्या कॅटला पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग असं मिश्रण काटेकोर लागतं, ते साध्या कार्बोरेटरच्या आवाक्याबाहेरचं आहे. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी तर २०२१ पासून 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणीच आहे, मात्र ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही.

कॅटसकट जन्मलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. पीयूसीच्या आकड्यांतच ती दिसते. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम चालतात. स्टेज-२ आणि ३ च्या गाडीला मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. वीस वर्षं चाललेल्या इंजिनाला कॅटशिवाय हा आकडा गाठणं जड जातं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीपासून फारकत घेणाऱ्या बदलांना मनाई करतं. धूर किंवा आवाजाची मर्यादा मोडली तर कलम १९० खाली दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो, आणि लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं.

आणि एक, पीयूसीला गाडी गरम करून न्या. अडीचशे-तीनशे अंशांखाली कॅट जवळजवळ झोपलेलाच असतो. चाळीतून काढली आणि कोपऱ्यावर तपासली, तर चांगली गाडीही नापास होईल.

गैरसमज: मोकळा पाइप म्हणजे फेरारीचा आवाज

२००२ साली सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हातून सचिन तेंडुलकरला फेरारी ३६० मोडेना मिळाली, तेव्हापासून मुंबईच्या कानात तो आवाज बसला आहे. त्या गाडीला कॅट होते. तिचा सूर येतो व्ही-८ इंजिनाच्या सपाट क्रँकमधून आणि साडेआठ हजार आरपीएमपर्यंत चढणाऱ्या इंजिनातून. चार सिलिंडरच्या पालियोला मोकळा पाइप लावला तर पालियोच ओरडेल, एवढंच.

गैरसमज: पावसात सायलेन्सरमधून पाणी इंजिनात जातं

हिंदमाताला पाणी भरलं की हे हमखास ऐकू येतं. इंजिन चालू असेपर्यंत धुराचा दाब पाणी आत येऊ देत नाही. इंजिन बसतं ते बहुधा पुढून, एअर फिल्टरच्या वाटेने पाणी ओढल्यामुळे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका, ढकलून बाहेर काढा. हो, तापलेला कॅट अचानक थंड पाण्यात बुडाला तर आतलं सिरॅमिक तडकू शकतं. म्हणून पावसाळ्यानंतर तो हातोडीचा टोला आठवणीने मारावा.

आता निवड. भंगारातला कॅट घेऊ नका. आतल्या धातूंना चांगला भाव मिळतो, त्यामुळे बाहेरून झकास दिसणारं खोकं आतून रिकामं असू शकतं. अगदी स्वस्त नव्या कॅटमध्ये लेप नावापुरता असतो. धातूच्या जाळीचा, मोकळ्या छिद्रांचा स्पोर्ट्स कॅट हा मधला मार्ग आहे, पण आधी मापाचा कागद मागा आणि बसवल्यावर पीयूसीचे आकडे बघा. समुद्राकाठच्या हवेत आणि छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर आतून गंजतो, कारण धुरातलं पाणी सुकायला इंजिन पुरेसं तापतच नाही. पैसे असतील तर ३०४ स्टेनलेस घ्या, नसतील तर ४०९ ही पुष्कळ वर्षं टिकतं.

बसवताना सगळ्यात जास्त लक्ष मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर आणि सेन्सरच्या आधीच्या वेल्डिंगवर ठेवा. तिथे केसाएवढी फट राहिली तर बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जास्तीचं पेट्रोल सोडतो आणि नवाकोरा कॅट त्या पेट्रोलात भाजून निघतो. इंजिन थंड असताना चालू करून त्या सांध्यांवर साबणाचं पाणी टाकून बघा. बुडबुडे आले तर गाडी परत रॅम्पवर घ्यायला लावा, पैसे त्यानंतरच द्या.