ओलिताची वेळ

मेहकर तालुक्यातल्या जानेफळच्या शिवारात थंडी पडली की हरभरा आणि गहू ओलिताला येतात. ओलीत कधी करायचं हे मात्र वर्षानुवर्षं पिकानं ठरवलं नाही, विजेच्या वेळापत्रकानं ठरवलं. शेतीपंपाची थ्री फेज लाइन कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्रपाळी लागली की बॅटरी घेऊन शेत गाठायचं. मोटर बंद करायची, स्प्रिंकलरचे गळते पाईप खांद्यावर घेऊन पुढच्या पट्ट्यात न्यायचे, जोडायचे, परत विहिरीवर येऊन स्टार्टर दाबायचा. अंधारात सापाची भीती, शिवाय रोही आणि रानडुकरांचा वावर.

शेतकऱ्यालाच रात्र का? कोळशावरचे संच संध्याकाळी बंद करून पहाटे चालू करता येत नाहीत. शहरं झोपली की मागणी उतरते, आणि तो खड्डा शेतीपंपांनी भरून निघतो. ग्रीडला जी लवचिकता लागते, ती महाराष्ट्रातला शेतकरी कित्येक दशकं झोप मोडून देत आला. तिचा मोबदला त्याला कोणी दिला नाही.

डेन्मार्कमध्ये हीच लवचिकता गरम पाण्यातून मिळवतात. तिथल्या बहुतेक घरांना सामायिक नळातून उष्णता येते. वारा जोरात असला, वीज स्वस्त झाली, की मोठे विद्युत बॉयलर पाणी तापवून ठेवतात. व्होयेन्स या छोट्या गावात तर सुमारे 2 लाख घनमीटरचा झाकलेला खड्डा आहे. उन्हाळ्यातल्या उन्हानं तापलेलं पाणी त्यात हिवाळ्यासाठी साठवतात. वीज आणि उष्णता ही दोन खाती तिथं एकमेकांना सांभाळून घेतात.

बुलढाणा जिल्ह्यात घरं तापवायची गरज नाही. इथं विजेची सांगड पाण्याशी घालावी लागेल. हरभऱ्याला पाणी रात्री दोनला मिळालं काय, दुपारी बाराला मिळालं काय, थंडीच्या दिवसांत फार फरक पडत नाही. आता दुपारी सूर्याची वीज मुबलक असते. 2017 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आधार हाच: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीचा फीडर दिवसा त्यावर चालवायचा. 2023 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला, खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं. या टप्प्यातला पहिला प्रकल्प 2024 मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, 3 मेगावॉटचा.

पण नुसती पाळी बदलून भागत नाही. लाइन परत आली की ऑटो स्विच लावलेल्या साऱ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि डीपी (रोहित्र) जळते. मग ऐन दाणे भरण्याच्या वेळी ओलीत थांबतं. त्याच मोटरी थोड्या अंतरानं, गटागटानं सुरू झाल्या, तर तीच डीपी टिकते. कपॅसिटर लावणं आणि ऑटो स्विच काढणं ही कामं किरकोळ दिसतात, पण माझ्या मते सौर प्रकल्पाइतकीच मोलाची आहेत.

साठवणुकीचा हिशेबही मांडून पाहावा. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं, काठाचा उतार एकास एक धरला तर सुमारे 22 लाख लिटर पाणी धरतं. पंधरा मीटरवरून, चाळीस टक्के कार्यक्षमतेच्या पंपानं ते भरायला साधारण सव्वादोनशे युनिट लागतील. तरीही विहिरीचं पाणी उपसून उघड्या शेततळ्यात ओतायला माझा विरोध आहे. विदर्भाच्या उन्हात ते पाणी डोळ्यांदेखत उडून जातं. पावसाचं वाहतं पाणी अडवायला शेततळं हवं. भूजल जमिनीखालीच सुरक्षित असतं.

खरी अडचण पुढेच आहे. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ आहे. त्यात दिवसाची खात्रीची लाइन आली की उपसा थांबवायला कारणच उरत नाही. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावानं 2016 च्या सुमारास वेगळी वाट धरली. तिथल्या सौर पंपधारकांनी सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज वितरण कंपनीला विकली. पाणी न उपसण्याचेही पैसे मिळू लागले. वैशाखात विहिरी तळाला जातात, पंप बसून असतात आणि ऊन सर्वांत कडक असतं, तेव्हा ही मिळकत विशेष जाणवते.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. त्यातली ऑक्टोबरची नोंद ग्रामसभेत वाचली जावी, आणि रब्बीत फीडर किती तास चालवायचा हे ती पाहून ठरावं. पाणी कमी असेल त्या वर्षी फीडरचे दोन तास कमी करून ती वीज गावाच्या पाणीपुरवठ्याला, डाळ मिलला किंवा ग्रीडला द्यावी, आणि तिच्या पैशातला वाटा ओलीत सोडणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात जमा व्हावा.