गळणाऱ्या चौकटी

लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट कॅप्चर कार्डाद्वारे संगणकात उतरवून घेताना चित्र मधूनच अडखळते आणि उत्तरोत्तर ओठ व आवाज यांची फारकत होत जाते, हा अनुभव पुष्कळांना येतो. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी येतात, आणि ७२० गुणिले ५७६ बिंदूंची ती चित्रे संक्षेप न करता घेतल्यास दर सेकंदाला २ कोटींहून अधिक बाइट संगणकाच्या दारी येऊन पडतात. कॅसेट मात्र कोणासाठी क्षणभरही थांबत नाही. या आवकीची तजवीज ड्रायव्हर नामक आज्ञावलीकडे असते: कचेरीतील टपाल-कारकुनाप्रमाणे तिच्यापाशी मोजक्याच टोपल्या, म्हणजे बफर, असतात, आणि भरलेली टोपली पुढे धाडून रिकामी मांडण्यात दिरंगाई झाली की पुढची चौकट निमूटपणे टाकून दिली जाते. टोपल्या वाढविल्याने क्षणिक खोळंबा निभावतो. डिस्कची लेखनगती मुळातच अपुरी असेल तर तो उपाय व्यर्थ होय. म्हणून दोष ड्रायव्हरच्या माथी मारण्यापूर्वी चित्रण न साठविता केवळ पडद्यावर पाहावे: गळती थांबली तर डिस्क किंवा संक्षेप करणारी आज्ञावली दोषी, न थांबली तर यूएसबी हबला फाटा देऊन कार्ड थेट जोडावे आणि जीर्ण फितीचा संकेतही तपासावा. ड्रायव्हरची नवी आवृत्ती त्यानंतरच घ्यावी.